पाठभेदांचा खेळ

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्याची खोली रिकामी करताना व्हॉलीबॉलच्या नियमांची एक जुनी पुस्तिका हाती लागली. मुखपृष्ठ केव्हाच गळून गेले होते आणि कागद पिवळा पडला होता. लक्ष वेधले ते समासांनी. कुणा क्रीडाशिक्षकाने पेन्सिलीने ठिकठिकाणी दुरुस्त्या केल्या होत्या. '१५ गुण' खोडून वर '२५' लिहिले होते. सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळेल, अशा अर्थाच्या कलमावर आडवी रेघ होती आणि त्या रेघेशेजारी एक मोठे प्रश्नचिन्ह. रेघ मारणाऱ्याला बदल कळला होता, पण पटला नव्हता असे दिसते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला असले समास सोडवत नाहीत. पोथीच्या कडेला लेखनिकाने लिहिलेले चार शब्द कधीकधी मूळ ओळीहून अधिक सांगतात. पुस्तिका घरी आणली आणि या खेळाच्या नियमांचा इतिहास धुंडाळू लागलो. जे दिसले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावेसे वाटते. व्हॉलीबॉलचे नियम हा एका लेखकाचा ग्रंथ नाही. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या गरजांच्या माणसांनी त्यावर लेखणी चालवली आहे. आणि ज्याला आज आपण 'प्रमाण' खेळ म्हणतो तो त्या अनेक पाठांपैकी एक आहे.

मूळ संहितेपासून सुरुवात करू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक नावाचे कागदगिरण्यांचे शहर आहे. तिथल्या वाय. एम. सी. ए.मध्ये विल्यम मॉर्गन हा तरुण शारीरिक शिक्षणाचा संचालक होता. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नायस्मिथने १८९१ मध्ये बास्केटबॉल काढला होता आणि तो झपाट्याने पसरत होता. पण मॉर्गनकडे येणाऱ्यांत प्रौढ व्यापारी मंडळी होती. दिवसभर पेढीवर बसून आलेल्या माणसांना ती धावपळ आणि धक्काबुक्की झेपेना. १८९५ मध्ये त्याने टेनिसचे जाळे घेतले, साडेसहा फुटांवर बांधले, म्हणजे साधारण माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, आणि चेंडू हातांनी पलीकडे टोलवायला सांगितले. बास्केटबॉलचा चेंडू जड पडे, त्याच्या आतला फुगा फारच हलका. म्हणून स्पाल्डिंग कंपनीकडून वेगळा चेंडू करून घेतला. खेळाला नाव दिले 'मिंटोनेट'. १८९६ मध्ये स्प्रिंगफील्डच्या परिषदेत पाच-पाच जणांच्या दोन संघांनी तो खेळून दाखवला. एका संघाचे नेतृत्व होल्योकच्या महापौरांकडे होते, दुसऱ्याचे अग्निशमन दलाच्या प्रमुखाकडे. पाहणाऱ्यांपैकी आल्फ्रेड हॅल्स्टेड यांनी सुचवले की चेंडू जमिनीवर पडू न देता हवेतल्या हवेत टोलवला जातो, तर त्याला 'व्हॉली बॉल' म्हणावे. मिंटोनेट हे नाव तिथेच संपले.

त्या पहिल्या नियमांत आजच्या खेळाडूला बुचकळ्यात टाकणाऱ्या अनेक गोष्टी आहेत. संघात कितीही माणसे चालत. चेंडूला कितीही वेळा हात लावता येई. एखाद्याने चेंडू सतत वर उडवत पुढे जायलाही हरकत नव्हती, फक्त जाळ्यापासून चार फुटांच्या आत तसे करायचे नाही. सर्व्हिस करणाऱ्याला टेनिसप्रमाणे दोन संधी असत आणि त्याचा चेंडू जाळ्यापर्यंत पोहोचत नसेल तर सहकाऱ्याने मध्येच हात लावून तो पलीकडे धाडला तरी चाले. ज्याच्या दंडात जोर उरलेला नाही अशा गृहस्थाची लाज राखणारा हा नियम आहे. सगळ्या क्रीडावाङ्मयात इतका सौजन्यशील नियम मला दुसरा आढळला नाही.

आणि सामना होता नऊ डावांचा. हे बेसबॉलचे देणे. बेसबॉलमध्ये, किंवा आपल्या परिचयाच्या क्रिकेटमध्येही, धावा करण्याचा हक्क ज्याची फलंदाजी चालू आहे त्याचा. क्षेत्ररक्षण करणारा संघ फार तर समोरच्याला बाद करील, पण त्यातून त्याच्या खात्यात धाव जमा होणार नाही. मॉर्गनने हेच उचलले. सर्व्हिस ज्याची, डाव त्याचा, गुणही त्याचाच. समोरच्याने चेंडू जिंकला तर सर्व्हिस करणारा बाद. डाव पुढे नाहीसे झाले, बेसबॉलशी असलेले नाते लोक विसरले, पण 'ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण' हे कलम शंभराहून अधिक वर्षे टिकले. भाषेत जुनी विभक्ती लोपली तरी एखाद्या म्हणीत तिचा प्रत्यय अडकून राहतो, तसे काहीसे. माझ्या पुस्तिकेत आडवी रेघ पडली होती ती याच कलमावर.

हा खेळ आशियात पोहोचला तेव्हा त्याची प्रकृतीच पालटली. वाय. एम. सी. ए.चे शिक्षक फिलिपिन्स, चीन, जपान, भारत इथे जाताना धर्माबरोबर खेळही नेत होते. त्यांच्या मनात होता तो आरोग्यदायी, संयमी, सभ्य माणसांचा विरंगुळा. १९१६ च्या सुमारास फिलिपिन्सच्या तरुणांनी त्याचे वेगळेच केले. एकाने चेंडू जाळ्याशेजारी अलगद उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो खाली हाणायचा. या फटक्याला ते 'बोम्बा' म्हणत. आज आपण ज्याला स्मॅश म्हणतो आणि ज्याच्याशिवाय व्हॉलीबॉलची कल्पनाही करवत नाही, तो मॉर्गनच्या संहितेत नाही. प्रौढांच्या दमछाकीवर उतारा म्हणून काढलेल्या खेळात तो बसतही नाही. एका बाजूला जास्तीत जास्त तीन स्पर्श ही मर्यादाही त्यानंतरची, १९२० च्या आगेमागे अमेरिकेतल्या नियमांत आलेली. स्वीकारणे, उचलणे, हाणणे ही आजची त्रिपदी त्या मर्यादेतून घडली. खेळाचे जे मर्म आपण समजतो ते असे प्रक्षिप्त आहे! प्रक्षिप्त म्हणजे टाकाऊ, ही आपल्या अभ्यासकांची जुनी खोड इथे तरी सोडावी लागते.

संघ किती जणांचा असावा, या प्रश्नावर तर संहितेच्या दोन स्वतंत्र शाखाच झाल्या. अमेरिकेत १९१८ मध्ये सहा जणांचा संघ ठरला. आशियातली परिस्थिती निराळी होती. मैदाने उघड्यावर आणि खेळू इच्छिणारी मुले पुष्कळ. १९१३ मध्ये मनिला येथे सुरू झालेल्या अतिपूर्वेच्या क्रीडास्पर्धांत प्रत्येक बाजूला सोळा जण असत. मग बारा झाले, आणि १९२७ पासून नऊ. ही नऊ जणांची शाखा पूर्व आशियात इतकी रुजली की १९५८ च्या टोकियो आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत सहा जणांचे आणि नऊ जणांचे व्हॉलीबॉल ही दोन वेगळी पदके होती. (भारताला सहा जणांच्या प्रकारात टोकियोत कांस्य आणि जकार्तात रौप्यपदक मिळाले होते, हे आता फारसे कुणाच्या लक्षात नाही.)

नऊ जणांच्या खेळात जागा फिरत नाहीत. सहा जणांच्या खेळात सर्व्हिस मिळाली की सगळ्यांनी एकेक घर सरकायचे, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक काम आलेच पाहिजे. इथे मात्र मागे उभा राहून चेंडू उचलणारा आयुष्यभर तेच करतो आणि त्यात पारंगत होतो. चेंडू आपल्याच बाजूने जाळ्याला लागला तर एक स्पर्श जास्त मिळतो. आणि जपानमध्ये खेळल्या जाणाऱ्या नऊ जणांच्या खेळात सर्व्हिसला दोन संधी आहेत.

या शेवटच्या नियमापाशी मी थबकलो. दोन संधी हा मॉर्गनचा १८९६ चा पाठ आहे! केंद्रातल्या प्रतींतून तो केव्हाच गाळला गेला आणि पॅसिफिकच्या पलीकडच्या शाखेत मात्र तो दिसतो. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुकथनकरांनी काश्मीरच्या शारदा लिपीतील परंपरेला एवढे महत्त्व का दिले, ते वर्गात समजावून सांगताना मी नेहमी अडखळतो. दूरच्या कोपऱ्यातल्या प्रतीला मध्यवर्ती घडामोडींचा वारा कमी लागतो, म्हणून तिथे जुने रूप तग धरू शकते, हे मुलांना पटत नाही. आता त्यांना ही सर्व्हिस सांगतो. अर्थात नऊ जणांच्या खेळात जुन्याबरोबर नवेही पुष्कळ आहे. शारदा प्रतींतही ते आहेच.

याच शाखेची आणखी एक फांदी अमेरिकेत परत गेली, पण मॉर्गनच्या व्यापाऱ्यांकडे नव्हे. दक्षिण चीनमधील तोइसान भागातून आलेल्या स्थलांतरितांनी ती बोस्टन, न्यूयॉर्कसारख्या शहरांच्या चायनाटाउनमध्ये नेली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली होती. बायकामुलांना आणणे जवळपास अशक्य होते. धुलाईघरे आणि खानावळी यांत राबणाऱ्या एकट्या पुरुषांच्या त्या वस्त्या होत्या. १९३० च्या दशकात तिथल्या गल्ल्यांत, वाहनतळांवर, डांबरावर नऊ जणांचे व्हॉलीबॉल सुरू झाले. कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. १९४४ मध्ये बोस्टन आणि प्रॉव्हिडन्स इथल्या संघांत सामना झाला आणि त्यातून पुढे उत्तर अमेरिकेतील चिनी संघांची वार्षिक स्पर्धा उभी राहिली. ती आजही भरते. २०१४ मध्ये उर्सुला लियांग यांनी या खेळावर 'नाइन-मॅन' नावाचा माहितीपट केला.

त्या स्पर्धेत एक नियम चेंडूविषयी नाही, माणसांविषयी आहे. मैदानावरच्या नऊपैकी निदान सहा जण संपूर्ण चिनी वंशाचे असले पाहिजेत आणि उरलेलेही आशियाई वंशाचे. आज हे वाचताना कुणालाही अवघडल्यासारखे होईल, मलाही होते. मिश्र विवाहांतून जन्मलेली मुले आजोबांच्या संघात पूर्ण मोजली जात नाहीत, हा काही गौरवाचा भाग नाही. पण ज्यांना शहरातल्या इतर मैदानांवर कुणी उभे करत नव्हते त्यांनी स्वतःपुरते एक मैदान आखले आणि त्याची सीमारेषा रक्ताने ठरवली, हा त्यामागचा इतिहास त्या एका कलमात गोठून राहिला आहे. त्याला अन्याय म्हणावे की अन्यायाची खूण, हे मला ठरवता आलेले नाही.

मग या सगळ्या शाखांना एक खेळ कशाने म्हणायचे? माणसांची संख्या, स्पर्शांची संख्या, जाळ्याची उंची, गुण, सगळेच बदलत आले. हात लावण्याची अटसुद्धा अपरिहार्य नाही. आग्नेय आशियात वेताचा चेंडू पायाने हवेत ठेवण्याचा खेळ जुनाच होता. १९४० च्या दशकात मलायात त्याला मध्ये जाळे मिळाले आणि तो व्हॉलीबॉलचा मावसभाऊ झाला. त्याच्या नावाची गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. मलय लोक आपले नाव सोडीनात, थाई लोक आपले. अखेर १९६० च्या दशकात तह झाला: मलय भाषेतला 'सेपाक', म्हणजे लाथ, आणि थाई भाषेतला 'तक्रॉ', म्हणजे विणलेला चेंडू. सेपाक तक्रॉ हा समास असा दोन राष्ट्रांनी मिळून सोडवला. दुसरीकडे नेदरलँड्समध्ये १९५६ च्या सुमारास अपंग खेळाडूंसाठी बैठे व्हॉलीबॉल आले. त्यात पुरुषांसाठी जाळे १.१५ मीटरवर असते आणि चेंडू खेळताना बूड जमिनीवरून उचलायचे नाही. उडी हाच ज्या खेळाचा प्राण मानला जातो त्याची ही उडीविना आवृत्ती पाहिली की आपली 'प्राण' ही कल्पना तपासून घ्यावी लागते. सर्वत्र टिकून राहिलेली अट बहुधा एकच: चेंडू मुक्कामाला थांबता कामा नये. तो झेलून धरला की खेळ संपला. ज्याच्याकडे तो येतो त्याच्याकडे तो राहत नाही.

जपानकडे परत वळतो, कारण दोन शाखांची गाठ तिथेच पडली. ओसाकाजवळच्या काइझुका इथे निचिबो या कापडगिरणीचा स्त्रियांचा संघ होता. त्याचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु हे दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या इंफाळ मोहिमेतून जिवंत परतलेले. संघ आधी नऊ जणींचा खेळ खेळे आणि त्यात देशात अजिंक्य होता. आंतरराष्ट्रीय महासंघ १९४७ मध्ये पॅरिसला स्थापन झाला होता आणि त्याने सहा जणांचा पाठ प्रमाण ठरवला होता. जागतिक स्पर्धेत उतरायचे तर नवा पाठ शिकणे भाग होते. नऊच्या जागी सहा म्हणजे तिघींची जमीन उरलेल्या सहा जणींनी सांभाळायची. दाइमात्सुंनी त्यासाठी जे तंत्र बसवले त्यात चेंडूखाली झेप घ्यायची, तो उचलायचा, खांद्यावरून गडगडत जायचे आणि त्याच वेगात पुन्हा उभे राहायचे. दुपारपर्यंत गिरणीच्या कचेरीत काम आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत सराव, असा या मुलींचा दिवस असे. आपल्या गिरणगावातल्या कबड्डीच्या संघांची आठवण इथे होते, पण तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. तिथे असली लष्करी शिस्त नव्हती. १९६२ मध्ये त्या मॉस्कोत जगज्जेत्या झाल्या. युरोपच्या दौऱ्यात त्यांना 'पौर्वात्य चेटकिणी' असे नाव पडले. कौतुक आणि भीती यांचे मिश्रण त्या नावात आहे, आणि थोडा वंशवादही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी स्त्रियांच्या निर्णायक सामन्यात जपानपुढे सोव्हिएत संघ होता. जपानने पहिले दोन सेट १५-११, १५-८ असे जिंकले. तिसऱ्यात चौदावा गुण आला, सुवर्णपदक एका गुणावर राहिले, आणि तिथे सामना अडला. ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण! जपानची सर्व्हिस, चेंडू हरला, गुण नाही, सर्व्हिस पलीकडे. ती परत मिळवली, तरी गुण नाही. फक्त गुण मिळवण्याचा हक्क मिळाला. दूरदर्शनवरचा निवेदक 'सुवर्णपदकाचा गुण' असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि प्रत्येक वेळी तो गुण निसटत राहिला. सोव्हिएत संघ तेरापर्यंत आला. अखेरचा गुण कुणाच्या स्मॅशने आला नाही. सोव्हिएत खेळाडूचा हात जाळ्यापलीकडे गेला म्हणून पंचांची शिट्टी वाजली आणि सामना संपला. ते प्रक्षेपण जपानमधील सुमारे दोन तृतीयांश घरांनी पाहिले, असे तिथल्या प्रेक्षकमापनात नोंदले गेले आहे.

ही लटकती अवस्था, जिच्यात दोघे प्राणपणाने खेळताहेत आणि फलक मात्र हलत नाही, ती होल्योकच्या नऊ डावांची देणगी होती. मला ती सुंदर वाटते. तिच्यात कमावणे आणि कमावण्याचा अधिकार कमावणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पण खेळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर तिने सामने तीन-तीन तास लांबत, आणि दूरचित्रवाणीच्या व्यवस्थापकांच्या बाजूने पाहिले तर सामना केव्हा संपेल हे कुणालाच सांगता येत नसे. आधी १९८८ मध्ये फक्त पाचव्या सेटपुरता नियम बदलला: सर्व्हिस कुणाचीही असो, चेंडू जिंकेल त्याला गुण. १९९८ मध्ये महासंघाने सगळ्या सेटसाठी ते स्वीकारले, सेट २५ गुणांचा झाला, रंगीत चेंडू आला, आणि केवळ मागच्या रांगेत खेळणारा वेगळ्या पोशाखातला 'लिबेरो'ही आला. नऊ जणांच्या खेळातला तो पारंगत मागचा खेळाडू असा मागच्या दाराने प्रमाण संहितेत परतला, असे म्हणायचा मोह होतो. त्याचा पुरावा माझ्यापाशी नाही.

बॅडमिंटननेही २००६ मध्ये हेच केले. १८७० च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ज्याचे नियम आपल्या पुण्यात शब्दबद्ध केले आणि ज्याला काही काळ 'पूना' म्हणूनच ओळखत, त्या खेळातूनही सर्व्हिसचा तो जुना हक्क गेला. पुण्यात या घटनेची हळहळ कुणाला वाटल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मूळ काय, हा. महासंघापुढचा प्रश्न असतो तो चालेल काय, हा. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, पण दुसऱ्याचे उत्तर देताना गाळलेला पाठ तळटीपेतसुद्धा उरत नाही. नवी पुस्तिका छापली की जुनी रद्दीत जाते. पेन्सिलीचे ते प्रश्नचिन्ह म्हणूनच मला मोलाचे वाटते.

१९६४ च्या त्या सामन्यानंतर जपानमधल्या गृहिणी मोठ्या संख्येने व्हॉलीबॉलकडे वळल्या. गल्लीतल्या, शाळेच्या पालकसंघातल्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या बायकांचे संघ निघाले. १९७० मध्ये त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. या प्रकाराला तिथे 'ममासान व्हॉली', म्हणजे आयांचे व्हॉलीबॉल, म्हणतात. ज्यांना पाहून त्या खेळू लागल्या त्या चेटकिणींनी सुवर्णपदक सहा जणींच्या खेळात मिळवले होते. आयांनी मात्र निवडला तो नऊ जणींचा खेळ. त्यात जास्त जणींना जागा मिळते, कुणाला घरे बदलत फिरावे लागत नाही, आणि पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली तर चेंडू परत मागून घेऊन दुसरी करता येते.